उठणारी प्रेते, पळणारी गावे

झॉम्बीची साथ ही कल्पना दोन जुन्या भयांच्या कलमातून तयार झाली. मेलेला माणूस उठून बसेल हे एक भय, आणि गावात शिरलेला रोग घरामागून घर रिकामे करील हे दुसरे. दोन्ही भये जगात बहुतेक ठिकाणी सापडतात, पण शतकानुशतके ती वेगवेगळी राहिली. चावा बसलेला माणूस मरतो, त्याचे प्रेत उठते, ते दुसऱ्याला चावते आणि आठ-पंधरा दिवसांत सगळे शहर प्रेतांचे होते, ही कथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे, आणि ती अमेरिकेत घडली. तोवर प्रेताचे खाते निराळे होते आणि साथीचे निराळे.

तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातला खान्देश हे या वेगळेपणाचे चांगले उदाहरण आहे. आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे १९०६ पर्यंत मिळून एकच जिल्हा होते आणि त्याचे ठाणे धुळ्याला होते. या मुलखात प्रेतात शिरणारा वेताळ होता, आणि गावे मारणारी मरीमायही होती. मात्र वेताळाने कधी साथ पसरवली नाही आणि मरीमायने कधी मढे उठवले नाही.

वेताळ मराठी वाचकाला वेताळपंचविशीतून माहीत असतो. त्या कथांचे मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेत सांगितले जाते, आणि परंपरा गुणाढ्याला पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडते. आज हाती असलेले प्रसिद्ध संस्कृत रूप अकराव्या शतकातल्या काश्मिरी सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहे. मराठी गद्यात वेताळपंचविशी एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी आणली. कथेचा साचा नीट पाहिला तर वेताळ आणि झॉम्बी एकमेकांच्या अगदी उलट ठरतात. मढे हे वेताळाचे भाड्याचे घर. आत राहणारा हुशार, बोलका, कायद्याची कूटे घालणारा आणि राजाला बोलायला भाग पाडणारा. तो कुणाला चावत नाही आणि आपल्यासारखे दुसरे वेताळ तयार करत नाही. गावोगावी शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपात तो शिवेची राखण करतो, म्हणजे भुतांचा राजा असूनही गावाच्या नोकरीत असतो. शिवाय बहुतेक हिंदू घरांत प्रेत त्याच दिवशी चितेवर जाते. कबरीतून हात वर येण्याचे दृश्य ज्या समाजात बहुतेक सगळे मृत पुरले जातात तिथेच रुजते. लेकरे, संन्यासी, काही जातिजमाती आणि मुसलमान, ख्रिस्ती यांची दफने इकडेही होतात, पण भयकथेचा मुख्य धागा त्यांच्याभोवती विणला गेला नाही.

साथीचे खाते मरीमायकडे होते. पटकी आली की ती देवीच्या कोपाने आली असे मानत आणि तिला मान देऊन गावाबाहेर पाठवत. गाडा सजवायचा, देवीची ओटी भरायची, वाजतगाजत तो शिवेवर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपार करायचा, त्याच्या पुढच्याने आणखी पुढे. रोगविज्ञानाच्या नजरेने हा उपाय भयंकर आहे, कारण गाड्याबरोबर माणसेही एका गावातून दुसऱ्या गावात जात. पण त्यामागची समज अगदीच चुकीची नव्हती. रोग प्रवास करतो, तो एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जातो, आणि शीव ही त्याला अडवायची जागा आहे, एवढे त्या गाड्यातून स्पष्ट दिसते. जळगाव-धुळ्याकडे मरीमातेच्या यात्रेत बारागाड्या ओढण्याची प्रथा आजही आहे. एकामागे एक जोडलेल्या, माणसांनी भरलेल्या बैलगाड्या भगत धावत ओढून नेतो. साथ गेली, गाड्या राहिल्या.

साथीच्या देवीची फिरती कधीकधी वेगळेच वळण घेई. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावर देवीच्या रोगापासून रक्षण मागणारा एक विधी सुरू झाला. तो घाटावर चढला, खान्देशला लागून असलेल्या डांगांतल्या आदिवासी गावांतून फिरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुरत जिल्ह्यात पोहोचला. गावोगावी माणसांच्या अंगात देवी येऊ लागली. अंगात येणे गावामागून गाव पसरत गेले, हे वर्णन झॉम्बीपटाच्या पटकथेत सहज खपेल. पण अंगात आलेली ही देवी सांगत काय होती? दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या गुत्तेदाराकडे मजुरीला जाऊ नका. पसरणारी गोष्ट नेहमी वाईटच असते असे नाही, याचा एवढा ठळक दाखला क्वचित मिळतो.

सातपुड्याच्या पाड्यांवर आजाराचा दोष कधी एखाद्या बाईवर गेला. तिला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार एकविसाव्या शतकातही घडले आहेत. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये झाला, त्याच वर्षीच्या २० ऑगस्टला त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाल्यानंतर.

आता प्रेताच्या खात्याकडे. झॉम्बी हा शब्द हैतीचा. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रेंचांनी आफ्रिकेतून माणसे धरून आणून या बेटाच्या पश्चिम भागात उसाच्या मळ्यांवर राबवली. कामाने ती इतकी लवकर मरत की मळे चालू ठेवायला सतत नवी माणसे आणावी लागत. १७९१ मध्ये गुलामांनी बंड केले आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. इथल्या लोकसमजुतीतला झॉम्बी माणसे खात नाही. बोकोर नावाचा मांत्रिक मेलेल्याला उठवतो आणि शेतात राबवतो, एवढीच त्याची गोष्ट. म्हणजे भय झॉम्बी दिसेल याचे नव्हते, आपण झॉम्बी होऊ याचे होते. मरण ही गुलामाची एकमेव सुटका, आणि तीही कुणीतरी हिरावून घेईल, असे ते भय. त्यात साथ कुठेच नाही.

अमेरिकेच्या सैन्याने १९१५ ते १९३४ हैती ताब्यात ठेवले, आणि त्या काळात ही समजूत प्रवासवर्णनांतून बाहेर पडली. विल्यम सीब्रुक याचे १९२९ चे पुस्तक गाजले, आणि १९३२ मध्ये बेला लुगोसीचा ‘व्हाइट झॉम्बी’ पडद्यावर आला. त्यातही झॉम्बी साखर कारखान्यात राबणारे मजूरच आहेत. पुढे १९८० च्या दशकात वेड डेव्हिस या वनस्पती-अभ्यासकाने असे मांडले की फुगणाऱ्या माशाच्या विषाने, टेट्रोडोटॉक्सिनने, माणसाला मेल्यासारखे करून नंतर उठवले जात असावे. विषतज्ज्ञांनी त्याने आणलेल्या चूर्णांत ते विष नगण्य असल्याचे दाखवले, आणि हा सिद्धांत आज फारसा कुणी मानत नाही. १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तीन हैतियन ‘झॉम्बीं’ची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यात मानसिक व मेंदूचे विकार आढळले, आणि घरच्यांनी आपला म्हणून ओळखलेला माणूस प्रत्यक्षात दुसराच असल्याचेही डीएनए चाचणीतून निघाले. हरवलेला माणूस परत यावा ही घरच्यांची इच्छा किती जबर असते, तेवढे त्यातून कळते.

हैतीच्या या भयाचे भावंड १८९६ साली मुंबईत प्लेगच्या साथीत दिसले, आणि ती साथ पुढे खान्देशातही आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. लोक शहर सोडून पळाले, आणि ज्या रेल्वेने कापूस बंदरावर जाई त्याच रेल्वेने रोग आत आला. भुसावळ हे मोठे जंक्शन, तिथून एक फाटा नागपूरकडे आणि एक जबलपूरकडे. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव या कापसाच्या आणि धान्याच्या पेठा. कोठारात धान्य, धान्यात उंदीर, उंदरावर पिसू. रोगजंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण पिसवेचा दुवा पॉल-लुई सिमॉं याने कराचीत १८९८ मध्ये मांडला, आणि तो मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर सरकार माणसे आणि घरे तपासत होते, उंदीर मोकळे होते.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. स्टेशनांवर उतारूंच्या काखा आणि जांघा चाचपणे, घरांची झडती, सामान जाळणे, आजाऱ्याला सक्तीने दवाखान्यात आणि घरच्यांना छावणीत नेणे, असा त्याचा अंमल होता. पुण्यात त्या झडत्यांचा शेवट २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला. सावित्रीबाई फुले त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना गेल्या. ही प्रकरणे सर्वांना ठाऊक आहेत. झॉम्बीच्या इतिहासाला त्यांच्याहून जवळची आहे ती मोमियाईची अफवा. सरकार दवाखान्यात नेलेल्या माणसांना उलटे टांगून त्यांचे तेल काढते, ती मोमियाई औषधाला वापरते, अशी कुजबुज मुंबईभर होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले. हैतीतल्या शेतकऱ्याला वाटे की मेल्यावरही मालक आपल्या देहाकडून काम काढील. मुंबईतल्या कामगाराला वाटे की मरायच्या आधीच सरकार आपल्या देहातून तेल काढील. दोन्ही अफवा खोट्या, आणि दोन्ही ज्यांच्या देहावर खरोखरच दुसऱ्याची सत्ता होती अशा माणसांच्या. गिरणीत बारा-चौदा तास उभे राहणाऱ्याला आपल्या अंगातून काहीतरी काढले जात आहे असे वाटणे, यात वेडेपणा शोधायला फार दूर जावे लागते.

खान्देशच्या गावांनी प्लेगला दिलेले उत्तर साधे होते: गाव सोडणे. घरात उंदीर पडू लागले की ही खूण मानून माणसे निघत. भांडी, धान्य, जनावरे घेऊन मळ्यात किंवा खळ्यावर पळाट्यांच्या झोपड्या घालत आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहत. प्लेग थंडीत वाढे आणि उन्हाळा कडक झाला की उतरे, कारण फार उष्ण आणि कोरड्या हवेत पिसवा तग धरत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यातला हा रानातला मुक्काम पुष्कळ ठिकाणी जवळजवळ वहिवाट झाला. रिकामे गाव, उघडी दारे, रस्त्यात मेलेले उंदीर, आणि शिवारात पेटलेल्या शेकोट्या. झॉम्बीपटातले ओसाड शहर ज्यांना नवे वाटते त्यांच्या पणज्यांनी ते पाहिलेले होते. आणि हा पळ गावकऱ्यांचा अडाणीपणा नव्हता. उंदरांपासून दूर जाणे हाच त्या काळातला सर्वांत परिणामकारक उपाय होता. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला मुंबईत स्वतःला टोचून घेतलेली लस उपयोगी होती, पण ती गावोगावी पोहोचायला आणि तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला.

मेल्यांचा आकडा देशभर एक कोटीच्या वर गेला. मागे राहिलेल्यांच्या अंगावरही खुणा राहिल्या. असोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधरी घराण्यात दिलेल्या कवयित्री बहिणाबाईंच्या घरात साथ शिरली तेव्हा त्यांचा मुलगा ओंकार वाचला, पण कायमचा अपंग झाला.

प्लेग पुरता गेला नव्हता तोच १९१८ ची मानमोडी आली. इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्राने दिलेले हे नाव तापात मान टाकणाऱ्या रोग्याचे चित्रच आहे. त्या वर्षी पाऊसही बुडाला होता. भारतात एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुतेक शरद ऋतूच्या थोड्या आठवड्यांत. १९११ ते १९२१ हे दशक असे आहे की त्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मानमोडीपासून पळायला शिवार नव्हते. ती श्वासातून येई, आणि रानातही माणूस माणसाजवळच असतो.

अशा साथींतूनच एक गणित जन्मले, आणि पुढे तेच झॉम्बींना लावले गेले. अँडरसन मॅकेंड्रिक हा भारतीय वैद्यकीय सेवेतला डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर संस्थेत, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस देणाऱ्या भारतातल्या पहिल्या संस्थेत, त्याने बरीच वर्षे काढली. १९२० नंतर एडिंबराला त्याची विल्यम केर्मॅकशी गाठ पडली. केर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघाताने अंध झालेला. दोघांनी १९२७ मध्ये साथीची समीकरणे मांडली. वस्तीचे तीन गट करायचे: ज्यांना रोग होऊ शकतो ते, रोगी, आणि बरे झालेले किंवा मेलेले. एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो यावर सगळे अवलंबून. तो आकडा एकाच्या खाली गेला की साथ विझते, आणि सगळी वस्ती बाधित होण्याआधीच विझते. हे समीकरण तपासायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबईचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या प्लेगच्या मृत्यूंचे. वक्र सुरेख जुळला. तो जरा जास्तच सुरेख जुळला असे आज म्हणावे लागते, कारण त्यात उंदीर नाही, पिसू नाही आणि ऋतूही नाही, आणि मुंबईचा प्लेग तर ऋतूच्या तालावर चढत-उतरत होता. तरी साथींचे आजचे सगळे गणित याच पायावर उभे आहे.

दरम्यान अमेरिकेत कलम बांधले गेले होते. रिचर्ड मॅथिसन याच्या १९५४ च्या ‘आय ॲम लेजंड’ कादंबरीत एका जंतूने सगळी मानवजात रक्तपिपासू होते आणि एकटा माणूस घरात कोंडून घेऊन राहतो. प्रेत आणि सूक्ष्मजंतू यांची पहिली ठळक सोयरीक ती. तिच्यावरून सुचून जॉर्ज रोमेरोने १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा थोड्या पैशांचा कृष्णधवल चित्रपट केला. त्यात झॉम्बी हा शब्द उच्चारलाच जात नाही, आणि प्रेते उठण्याचे कारण शुक्रावरून परतलेल्या यानाचा किरणोत्सर्ग असे अर्धवट सुचवले आहे. पण मांस खाणारा जमाव, चाव्यातून होणारी लागण, घरात अडकलेली आणि आपसांत भांडणारी माणसे हे सारे तिथे आहे. वितरकाच्या चुकीने चित्रपटावर हक्काची नोंद छापायची राहिली, त्यामुळे तो कुणालाही दाखवता येऊ लागला, आणि कल्पना फुकटात जगभर गेली. विषाणू हे कारण पक्के झाले ते १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हल’ या खेळाने आणि २००२ च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ने. या दुसऱ्या चित्रपटातली माणसे तर मेलेलीच नाहीत. ती पिसाळलेली आहेत. हैतीचा राबणारा गुलाम काही दशकांत भुकेला जमाव झाला, आणि भीतीचे टोक फिरले. मालकाची भीती गेली, गर्दीची आली.

२००९ मध्ये कॅनडातल्या रॉबर्ट स्मिथ या गणितज्ञाने (तो आपल्या आडनावापुढे प्रश्नचिन्ह लावतो) विद्यार्थ्यांबरोबर केर्मॅक-मॅकेंड्रिकची समीकरणे झॉम्बींना लावली. फरक एकच: मेलेल्यांच्या गटातून माणसे परत रोग्यांच्या गटात येतात. तेवढ्याने गणिताचा तोल जातो. बरे कुणी होत नाही, मेलेले संपत नाहीत, आणि लवकर, वारंवार, जोरात हल्ला केला नाही तर वस्ती नष्ट होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही मे २०११ मध्ये झॉम्बीचे निमित्त करून आपत्तीच्या तयारीच्या सूचना प्रसिद्ध केल्या. पाण्याचा साठा, औषधे, कागदपत्रे वगैरे; झॉम्बी हे फक्त लोकांनी वाचावे म्हणून लावलेले गाजर.

शक्यतेचा प्रश्न मात्र समीकरणाने सुटत नाही, तो शरीराशी अडतो. स्नायू आकसायला आणि सैल व्हायला पेशीतले इंधन लागते, आणि ते तयार करायला प्राणवायू लागतो. मरणानंतर काही तासांत ते संपते आणि देह ताठतो. ताठरपणा जातो तो स्नायू कुजू लागतात म्हणून. वैशाखातल्या भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे उठलेल्या प्रेताला दुसऱ्या दिवशी चालता येणार नाही, आठवड्याने ते सांधणेही कठीण. अन्न पचवणारे आतडे, रक्त ढकलणारे हृदय नसताना माणसे खाऊन शक्ती येते कुठून, याचे उत्तर एकाही पटकथेकडे नाही.

मेलेला माणूस सोडून पिसाळलेल्या माणसाचा विचार केला तर गोष्ट थोडी जवळ येते. रेबीजचा विषाणू चाव्यातून लाळेवाटे शिरतो, मज्जातंतूंवरून मेंदूकडे सरकतो, प्राण्याला आक्रमक करतो आणि त्याच वेळी लाळेत उतरतो. यजमानाच्या वागण्यालाच वाहन करणारा रोग म्हणजे झॉम्बीचा खरा सांगाडा. लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीही वाचत नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश भारतात होतात, बहुतेक कुत्र्याच्या चाव्याने. तरीही त्याची माणसांत साथ होत नाही. चावा आणि लक्षणे यांत साधारण एक ते तीन महिने जातात, पिसाळलेला माणूस फार थोडे दिवस जगतो, पाण्याचा घोटही गिळू शकत नाही, आणि माणूस माणसाला सहसा चावत नाही. केर्मॅक-मॅकेंड्रिकचा आकडा इथे शून्याच्या आसपास राहतो. शिवाय चावा बसल्याबरोबर लस घेतली तर रोग जवळजवळ नेहमी टळतो. मुंग्यांना झाडावर चढवून त्यांच्या डोक्यातून उगवणाऱ्या बुरशीवरून २०१३ च्या ‘द लास्ट ऑफ अस’ खेळाने कथा रचली. ती बुरशी एकेका जातीच्या मुंगीशी बांधलेली आहे आणि माणसाच्या ३७ अंश तापमानात बहुतेक बुरश्यांचा निभाव लागत नाही. साथ पसरवणारा रोग सहसा उघड दिसत नाही. धावत येणाऱ्या, गुरगुरणाऱ्या रोग्याला ओळखणे आणि कोंडणे सोपे. धोका त्याचा, जो बरा दिसतो, बसमध्ये शेजारी बसतो आणि दोनदा खोकतो.

म्हणजे झॉम्बीपटातली प्रेते खोटी आणि त्यातली जिवंत माणसे बरीचशी खरी. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसांच्या प्लेगची बातमी फुटली. सुरतेच्या यंत्रमागांवर खान्देशचे हजारो कामगार. उधना, लिंबायत या वस्त्यांत खान्देशची अहिराणी बोली सर्रास ऐकू येते. थोड्या दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. पूर्वेकडची गाडी उधन्याहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला येते, आणि तीच गावाकडची वाट. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या बाजारातून गायब झाल्या, लोकांनी तोंडाला रुमाल बांधले, शहरातले अनेक खासगी डॉक्टरही निघून गेले. परदेशांनी भारताची विमाने अडवली. देशभरात मृत्यू झाले ते पन्नासच्या थोडे वर. पळालेल्यांबरोबर प्लेग पसरला नाही. १८९६ ची पुनरावृत्ती झाली नाही, कारण आता औषध होते. त्यानंतर सुरतेची जी साफसफाई झाली ती देशात नावाजली गेली. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, पुन्हा माणसे रस्त्यावर आली, या वेळी कामाच्या शहरांतून पायी. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे, शिरपूर ओलांडून बिजासन घाटाच्या सीमेपर्यंत उत्तरेकडे निघालेल्या मजुरांची रांग होती. चित्रपटांत साथ आली की रस्ते ओस पडतात.

मराठीत झॉम्बी उशिरा आला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांत वाडा असतो, मांत्रिक असतो, एका घरावर आलेले संकट असते. सगळे शहर बाधित होण्याची कथा त्यांचा प्रांत नव्हे. हिंदीत २०१३ चा ‘गो गोवा गॉन’ आला, २०२० च्या ‘बेताल’ मालिकेत कंपनी सरकारची पलटण प्रेतरूपाने उठली आणि नाव मात्र वेताळाचे मिळाले. आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ ला प्रदर्शित झाला, आणि त्यातली साथ डोंबिवलीत, उंच इमारत आणि शेजारची वस्ती यांच्या मधोमध उठते. शब्दाचा योग चांगला जुळला. मराठीत झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट, आणि १९८७ च्या आनंद यादवांच्या ‘झोंबी’त ती एका मुलाने शाळेसाठी गरिबीशी घेतलेली आहे. डोंबिवलीची झोंबी तिची दूरची नातलगही नाही.

मुंबईतली ती मोमियाईची अफवा मात्र नव्या रूपात खान्देशात उठली. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवून त्यांचे अवयव काढणारी टोळी फिरते आहे असे संदेश आणि चित्रफिती देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. तेलाच्या जागी मूत्रपिंड आले होते, बाकी गोष्ट तीच. १ जुलैच्या रविवारी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. त्यांतला एक लहान मुलीशी बोलला असे कुणीतरी म्हणाले. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. तो जमाव बाजाराला आलेल्या माणसांचा होता; त्यांना कुठल्याही विषाणूची लागण झाली नव्हती, आणि एकेकटे गाठले असते तर त्यांतल्या बहुतेकांनी डवऱ्यांना पाणी दिले असते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली.